पायपेटीवाल्याचा पियानो

पियानोला भाता नसतो.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढं सांगायला दिवाळी अंकाची पानं कशाला अडवता? अहो, पण ज्यानं ऐन उमेदीची वर्षं नाटक कंपनीत ऑर्गन वाजवण्यात घातली, त्याला हे आधी कुणीतरी सांगायला नको का? मला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे लढाईच्या दिवसांत नगरच्या कॅम्पात, साहेबलोकांच्या एका क्लबात मी जे दिवे लावले, ते आज सांगतो. संपादकांना खरं तर थोर गवयांच्या आठवणी हव्या होत्या. त्या लिहायला पुष्कळ जण आहेत. आणि थोर गवयांच्या साथीला बसून मी जन्मात एवढा हसलो नाही, जेवढा त्या पियानोपुढं बसून हसलो.

आधी ऑर्गन म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. हातानं भाता मारायची पेटी सगळ्यांनी पाहिलेली असते. ऑर्गन म्हणजे तिची थोरली बहीण. हिला आम्ही पायपेटीही म्हणायचो. खुर्चीवर बसून वाजवायची आणि खाली दोन पायटे. डावा पाय, उजवा पाय, डावा, उजवा, असं आलटून पालटून दाबत राहायचं, की आत वारा खेळतो आणि सूर बोलतो. पाय चालू असले आणि बोट पट्टीवर असलं, तर नाटकातला राजा मरून, त्याची राणी रडून, पडदा पडेपर्यंत तो सूर तसाच उभा राहतो. पाय थांबले की सूर मेला. या कामाची पायांना इतकी सवय होते, की मी पाटावर जेवायला बसलो तरी माझे गुडघे हलायचे. आमची यमू, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "अहो, वरणात वारा भरताय का?"

तर बोलपट आले, लोक तिकडे पळाले, आणि आमची कंपनी नगर मुक्कामी बुडाली. मालकांनी पडदे विकले, मखमली अंगरखे विकले, माझा ऑर्गनसुद्धा विकला. ज्याला जिकडं वाट दिसली तो तिकडं गेला. मी आणि यमू माळीवाड्यात एका खोलीत राहिलो. घरात माझी जुनी हातपेटी तेवढी उरली होती.

यमूचे वडील तात्या. पारनेरला त्यांचं भुसार मालाचं दुकान. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण गाण्याबजावण्याचं नाव काढलं की कपाळाला आठी. त्यांच्या मते साथीदार म्हणजे दुसऱ्याच्या मागं मागं फिरणारा रिकामटेकडा. कंपनी बुडाल्याचं कळताच ते सकाळच्या मोटारीनं नगरला आले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, झालं तेवढं पुरे. दुकानात तागडीशी घरचा माणूस पायजे. मार्गशीर्ष सरेपर्यंत वाट बघतो. तवर वाजवायचं काम लागलं तर लागलं. न्हाईतर मी येतो अन् दोघांना घेऊन जातो."

मी मान डोलावली. सासऱ्यापुढं दुसरं काय करणार? तागडीचं काम वाईट असं मी म्हणत नाही. पण मला सुरांशिवाय करमत नाही हो! एकदा त्या गादीवर बसलो की पुन्हा वाद्याला हात लागायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाजरी मापता मापता मी वाळून गेलो असतो.

अशा वेळी देवासारखा धावून आला आमचा शेजारी सायमनदादा. राहुरीकडचा ख्रिस्ती माणूस, क्लबात बटलर. चर्चमध्ये भजनाला ढोलकी वाजवायचा, त्यामुळे आमची गट्टी.

"मास्तर," तो म्हणाला, "आमचा पियानोवाला मुंबैला पळाला. सायबांचा नाच बंद पडलाय. मडमा तोंडं फुगवून बसत्यात. तुमी येता का?"

"अरे, मला पियानो कुठं येतो?"

"पेटी येती ना? मग! पियानो म्हंजी काय, मोठी पेटीच की!"

मलाही ते पटलं. बुडत्याला काहीही पटतं.

क्लबाचा कारभार पाहणारे एक मेजरसाहेब होते. गोल पोट, गोल चेहरा, लालबुंद गाल. मुदपाकखान्यात त्यांचं नाव भोपळासाहेब. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या काळ्या टोपीवर अंमळ जास्तच रेंगाळले, आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. सायमनदादानं उलगडा केला, "रोज दुपारी सराव करा म्हनतो सायब. सायबलोक झोपत्यात तवर. पुढं एका शनवारी नाच ठिवतो, तवा बघू म्हनतो."

दुसऱ्या दुपारी मी पियानोपुढं बसलो. भिंतीला लावलेला उभा, काळा, गुळगुळीत पियानो. झाकण उघडलं आणि छाती दडपली. अहो, सप्तकांवर सप्तकं! या टोकाला बसलं तर त्या टोकाला हात पुरेना. एवढे सूर करायचे काय? आमच्या कंपनीत गाणाऱ्या मालकांनी उभ्या हयातीत यातले अर्धेसुद्धा लावले नसतील. पण पट्ट्या त्याच होत्या, पांढरी एक, काळी दोन, सगळं ओळखीचं. खाली पाहिलं तर दोन पायटे! जीव भांड्यात पडला. म्हटलं, सायमनदादा खरंच बोलला, पेटी ती पेटीच.

देवाचं नाव घेतलं, पाय चालू केले आणि षड्ज दाबला. सूर आला, गोड आला, आणि गेला! बोट पट्टीवरच, आणि सूर गायब. मला वाटलं वारा कमी पडतोय. पाय जोरात मारले. पुन्हा तेच. आणखी जोरात मारले. एक पायटा दाबला की आवाज घुमायचा, दुसरा दाबला की दबायचा. त्यामुळे माझी भूपाळी भों-फुस्स, भों-फुस्स अशी निघू लागली. टोपी मागं सरकली, धोतर सुटायच्या बेतात, घामाच्या धारा. सायमनदादा कपबशा पुसत दारात उभा होता. बराच वेळ त्यानं पाहून घेतलं.

"मास्तर," तो म्हणाला, "सायकलवर कुठं निघालाय?"

"हसतोस काय! भाता फाटलाय याचा. वारा राहत नाही आत."

फाटलेला भाता शिवणं हे पेटीवाल्याला अंगवळणी पडलेलं असतं. कंपनीत मी कितीदा तरी चामड्याचं ठिगळ लावलेलं. मी दुसऱ्या दिवशी सुई, दोरा, सरस आणि मेंढीच्या कातड्याचा तुकडा घेऊन हजर! खालची फळी काढली, डोकं आत घातलं, आणि शोधतोय भाता. भाता कुठला? पत्त्यांतली चौकटची राणी सापडली, बाटल्यांची बुचं सापडली, एका मडमेचा हातमोजा सापडला. भाता काही सापडेना. मग वरचं झाकण उघडून एक पट्टी दाबली, तर आतून एक लाकडी हातोडी उठली, तिच्या तोंडाला लोकरीचं टोपडं, तारेवर टप्पकन आपटली आणि माघारी फिरली. दुसरी दाबली, दुसरी उठली. मी वेड्यासारखा एकेक पट्टी दाबत सुटलो, आणि हातोड्या आपल्या उठताहेत, बसताहेत.

"सायमनदादा!" मी ओरडलो. "ही पेटी नाहीच रे! हे तर जलतरंग आहे! हे बडवायचं वाद्य आहे!"

"हळू बोला मास्तर, सायब उठंल," तो म्हणाला, पण त्यालाही हातोड्या बघायच्याच होत्या. मग आम्ही दोघं बापये लहान पोरांसारखे आत डोकी घालून ते बघत बसलो.

तिथून खरं शिक्षण सुरू झालं. गुरू नाही, पुस्तक नाही, आणि जे आधी येत होतं तेच आडवं येणारं. पाय तर ऐकेचनात. शेवटी मी दोन्ही पायांचे अंगठे उपरण्यानं बांधून बसायला लागलो. दुसरी अडचण मरणाऱ्या सुराची. पेटीवर आपण सूर धरून गवयाची वाट पाहतो. इथं वाट पाहावी तर शांतता. म्हणजे सूर मरायच्या आत दुसरा द्यायला हवा. जलतरंगवाले, सतारवाले तेच करतात, मोकळी जागा भरत राहतात. पण माझा उजवा हात एकटा किती भरणार?

मग डोक्यात आलं, इथं तबलजी नाही. डाव्या हातालाच तबलजी केला तर? दादऱ्याचा ठेका घेतला, धा धी ना, धा ती ना. खालच्या सप्तकातला एक जाड सूर म्हणजे 'धा', आणि वर दोन सूर जोडून हलक्या हातानं 'धी ना'. धुम्-चक्-चक्, धुम्-चक्-चक्. त्यावर उजव्या हातानं आमच्या कंपनीच्या एका फार्सातलं पद सोडलं. अहाहा! काय सांगू तुम्हाला! एकटा माणूस, आणि अख्खी कंपनी वाजतेय! मला हसू आवरेना. मी वाजवतोय आणि हसतोय, हसतोय आणि वाजवतोय.

तेवढ्यात मेजरसाहेबांची मडम झोपेतून उठून आली. मला वाटलं, आता ओरडणार. ती तर टाळ्या वाजवत काहीतरी म्हणाली आणि एकटीच गिरकी घेऊन निघून गेली.

"काय म्हणाली रे?"

"त्येला वॉल्स नाच म्हनत्यात म्हनली. लई झ्याक वॉल्स म्हनली."

"याला दादरा म्हणतात."

"सांगू का जाऊन मडमला?"

"राहू दे," मी म्हणालो. साहेबांच्या देशात ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक होती हे मला पुढं कळलं. पण त्या दुपारी मात्र ती जगात पहिल्यांदा मलाच सुचली होती.

पहिल्या नाचाच्या शनिवारी सायमनदादानं मला ठेवणीतला काळा कोट घातला आणि समोर इंग्रजी संगीताचं पुस्तक उघडून ठेवलं. पानभर मुंग्यांची रांग. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. "मधनंमधनं पान उलटा," तो म्हणाला, "सायबाला बरं वाटतं." मी आज्ञाधारकपणे पानं उलटत फार्सातलं पद वाजवत होतो. मडमबाई नाचता नाचता जवळून गेल्या, पुस्तकात डोकावल्या, आणि तोंडावर हात दाबून पुढं सरकल्या. नंतर कळलं, उघडलं होतं ते मयताच्या वेळी म्हणायचं गीत होतं.

पण खरा घोटाळा वेगळाच झाला. तो कळायला साथीदाराचा धर्म कळायला हवा. साथीदार म्हणजे सावली. गवयी पुढं, आपण अर्धं पाऊल मागं. तो वळला की वळायचं, तो रेंगाळला की रेंगाळायचं, आणि तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येऊन थांबला की थांबायचं. त्याच्या आधी? शिव शिव! उमेदवारीत असताना एकदा मी मालकांच्या आधी पद संपवलं होतं. त्यांनी अंक संपेपर्यंत कळ काढली आणि विंगेत येऊन जिरेटोप माझ्या डोक्यावर हाणला. "वाजवणारा कोण, गाणारा कोण, हे विसरू नकोस," म्हणाले. नाही विसरलो. इतकं नाही विसरलो, की कुणीतरी पुढं असल्याशिवाय माझा हातच चालेना झाला होता.

आता या नाचात गाणारा कोण? कुणीच नाही! मी भांबावून कुणाच्या मागं जावं ते शोधू लागलो, आणि नजर पडली भोपळासाहेबांच्या बुटांवर. मोठे, चकचकीत, बाकीच्यांत उठून दिसणारे. म्हटलं, सापडले मालक! मी त्या बुटांना साथ करायला लागलो. ते वळले की मी वळलो. त्यांनी दमून पाय ओढला की मी लय ओढली. बाकीच्या जोड्या एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागल्या, पण साथीदाराचं लक्ष आपल्या गवयाकडं! आणि मी वाट बघत होतो, साहेब समेवर येऊन थांबतील, की मी थांबेन.

साहेब थांबेनात. का थांबतील? त्यांच्याकडं रीत अशी, की वाद्य थांबल्यावर नाच थांबवायचा! ते माझी वाट बघताहेत, मी त्यांची वाट बघतोय. मी मनात म्हणतोय, काय दमसास आहे या माणसाचा! ते मनात काय म्हणत असतील ते न सांगितलेलंच बरं. वरचा अधिकारी नाचतोय म्हटल्यावर धाकटे साहेबही थांबेनात. मडमांचे केस सुटले. एक तरणा कप्तान खांबाला धरून गिरक्या घेऊ लागला. भोपळासाहेबांचा चेहरा लालाचा जांभळा झाला, आणि मी आपला दरबारी अदबीनं तेच पद पुन्हा पहिल्यापासून उचलतोय. शेवटी साहेब एका खुर्चीवर जे कोसळले ते खुर्चीसकट. बूट वर झाले, आणि मी ताबडतोब, अगदी समेवर, थांबलो.

हॉलभर हशा. सायमनदादा चहाच्या तबकानं साहेबांना वारा घालत होता. दम परतल्यावर साहेब जे बोलले, ते त्यानं मला मराठीत आणून दिलं. "सायब म्हनतो, लढाईवर धाडलं आसतं तर बरं झालं आसतं." मग जरा गंभीर होऊन, "मास्तर, वाजिवता झ्याक म्हनतो. पर नाताळच्या नाचाला कर्नलसायब येनार हाय. त्या दिशी येळंवर थांबलात तर जागा पक्की. न्हाई थांबलात, तर पुन्यावरनं दुसरा मानूस आननार."

नाताळ आणि मार्गशीर्षाची अखेर त्या वर्षी हातात हात घालूनच येत होती.

घरी येऊन यमूला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. मग पदर खोचून म्हणाली, "नाचायचंय ना त्यांना? मग ती रडकी फार्सातली पदं कशाला? पंचमीच्या झिम्म्याची चाल घ्या की! आम्ही पोरी त्यावर घामाघूम होईस्तोवर नाचायचो."

"चाल मिळेल गं. थांबायचं कसं?"

"त्यात काय? थांबायचं. हे बघा, मी डोळे मिटते. तुम्ही वाजवा. पेटी थांबली तरच मी थांबणार."

मी हातपेटीवर झिम्मा धरला, यमूनं डोळे मिटले, टाळ्या वाजवत फेर धरला. काय नाचायची हो! मला ते माहीतच नव्हतं. संसाराची इतकी वर्षं झाली आणि बायको अशी नाचते हे मला पहिल्यांदा दिसत होतं. मी बघत राहिलो. अर्थातच तिच्या पावलांना साथ करत राहिलो! ती म्हणतेय, "थांबवा!" आणि माझा हात थांबेना. ती पुढं, मी मागं, जन्माची खोड. "अहो थांबवा!" म्हणेपर्यंत ती भांड्यांच्या मांडणीवर धडकली. पातेली, तांबे, वाट्या, सगळा पसारा खणखणत खाली. शेजारणी धावत आल्या. यमू त्या भांड्यांत फतकल मारून बसली होती, कपाळाला टेंगूळ, आणि हसता हसता एकदम रडायलाच लागली.

"कुणाची वाट बघताय तुम्ही?" ती म्हणाली. "मालक गेले! कंपनी गेली! आता पुढं कुणी नाही, तुम्हीच आहात. मला पारनेरला नाही जायचं. तिथं तुम्हाला बाजरी मापत बसलेलं मला बघवणार नाही."

मी टेंगळावर हळद लावली, भांडी उचलली, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती डोळे मिटून, मी पेटीवर. रोज सकाळ-संध्याकाळ. कधी मी थांबायचो आणि तिचा तोल जायचा, कारण अचानक थांबायचो. एकदा ती वैतागून म्हणाली, "आधी सांगत जा ना, थांबतोय म्हणून!" आणि तिथं मला तिहाई सुचली. तिहाई म्हणजे तबलजींचा हुकमी एक्का. एकच छोटा तुकडा लागोपाठ तीनदा वाजवायचा, आणि तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर आणून टाकायचा. पहिल्यांदा ऐकून कान टवकारतात, दुसऱ्यांदा कळतं, आणि तिसऱ्यांदा न सांगता पाऊल थांबतं. यमूचं थांबलं. डोळे मिटलेले, हात हवेत, पाऊल बरोब्बर समेवर. "हां! असं!" ती म्हणाली.

नाताळच्या नाचाच्या सकाळीच तात्या दारात उभे. मार्गशीर्ष सरला होता. "आवरा," म्हणाले. "उद्याच्या पहिल्या मोटारीनं निघू." यमूनं ट्रंकेला हात लावला नाही.

"संध्याकाळी एक काम आहे, तात्या," मी म्हणालो. "तेवढं होऊ द्या."

"काम? मग मीबी येतो. बघू तरी कसलं काम हाय."

सायमनदादानं त्यांना मागच्या व्हरांड्यात खिडकीशी उभं केलं. डोक्याला पागोटं, हातात छत्री, कपाळाला ती आठी. आत दिवे, पताका, कर्नलसाहेब, मडमांचे झगे. भोपळासाहेब माझ्याजवळ येऊन नुसतं बघून गेले. हे संपलं की उद्या मोटार, तागडी आणि बाजरी, एवढंच डोळ्यांपुढं होतं.

मी बुटांकडं पाहिलं नाही. डोळे मिटले आणि झिम्मा सोडला.

धुम्-चक्-चक्! पहिल्या आवर्तनात पावलांचा गोंधळ ऐकू आला. मागच्यासारखा हा आपल्या मागं मागं येईल, असं त्यांनी धरलं असावं. मी लय सोडली नाही. दुसऱ्या आवर्तनात पावलं जवळ आली. तिसऱ्यात, अहो काय सांगू, तिसऱ्यात सगळ्या हॉलचं एक पाऊल झालं आणि ते माझ्या डाव्या हातावर पडू लागलं! मी लय जरा चढवली, सगळे चढले. जरा उतरवली, सगळे उतरले. मला गुदगुल्या व्हाव्यात तसं झालं. माझ्या आयुष्यात तोवर कुणी माझ्या मागं आलं नव्हतं, एक माणूस नाही, आणि आता विलायतेच्या राजाचे अधिकारी पंचमीचा झिम्मा खेळत माझ्या मागं धावत होते! मी मोठ्यानं हसत सुटलो. पाय बांधलेलेच होते, नाहीतर मी उठून नाचलो असतो.

इथं एक खरं सांगून टाकतो. त्या संध्याकाळची किंमत मी पुढं मोजली. साहेब गेले, क्लब बंद झाला, मी पुन्हा गवयांच्या साथीला बसू लागलो, तर हात सारखा पुढं धावायचा. गवयी वळून बघायचे. मग बोलावीनासे झाले, आणि मी श्रीरामपूरला शाळेत गाणं शिकवायला लागलो. सावली होणं मला पुन्हा जमलं नाही. चांगल्या गाण्यामागं अर्धं पाऊल चालण्यातही सुख असतं. ते गेलं. त्याचं वाईट वाटतं.

पण त्या संध्याकाळी कशाचं वाईट! झिम्मा अगदी ऐन रंगात आला, आणि मला कळलं, आता. अजून दोन फेरे झाले तर भोपळासाहेब खुर्ची शोधतील. हात म्हणाला, कुणीतरी थांबू दे आधी. मी म्हटलं, नाही. तिहाई उचलली. पहिला तुकडा. कर्नलसाहेबांची मान वळली. दुसरा तुकडा. सगळ्या हॉलनं श्वास धरला. तिसरा तुकडा, आणि सम!

धाड्! सगळे बूट एकदम जमिनीवर. त्यानंतर चिडीचूप. एक मडम नाही हलली, एक झगा नाही सळसळला. मग अशी टाळी पडली की छताची पाखरं उडाली. भोपळासाहेब धापा टाकत आले, माझा हात गदागदा हलवला आणि सायमनदादाला काहीतरी म्हणाले. सायमनदादाला ते मराठीत आणायची गरज पडली नाही, कारण तो बापडा तबक काखेत मारून स्वतःच टाळ्या पिटत होता.

मी पायांचं उपरणं सोडलं आणि मागच्या व्हरांड्यात आलो. तात्या खिडकीचा गज धरून तसेच उभे होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुमी थांबला म्हनून थांबले ते?"

"हो."

"समदे?"

"सगळे."

"त्यो बिल्लेवाला बी?"

"ते कर्नलसाहेब. तेही."

तात्यांनी पागोटं काढलं, टक्कल पुसलं, पुन्हा पागोटं घातलं. "जन्म गेला माझा दुकानात," ते म्हणाले. "दिवा मालवून 'बंद झालं' म्हटलं, तरी शेंगदाणे तोंडात टाकत हुबं ऱ्हानारं एक गिऱ्हाईक खायचं थांबत न्हाई माझ्यासाठी. तुमी तिथं येऊन काय करनार? ऱ्हाऊ द्या ते दुकान." मग त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी गज पुन्हा धरला आणि डोळे बारीक करून आत बघत म्हणाले, "अन् आता परत एकदा थांबवून दाखवा बगू."

मी आत गेलो, बाकावर बसलो, आणि तात्यांना थांबवून दाखवण्यासाठी सगळ्या साहेबांना पुन्हा नाचायला उठवलं.